आंबेजोगाईचं नाक

हैदराबाद,
कार्तिक वद्य ३, शके १८४७

तीर्थरूप अण्णा यांस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मास्तरांनी शिकवलेला लांब मायना निम्मा विसरलो आणि उरलेल्या निम्म्यात चुका होतील, म्हणून एवढ्यावरच भागवतो.

मी जिवंत आहे. हे खरं तर आधी लिहायला पाहिजे होतं. तुम्ही मला कड्याच्या बाजारात बैल बघायला पाठवलंत. बैल बघितले, चांगले होते. पण तिथं एक उंटवाला भेटला. अण्णा, उंट माणसाकडं बघतो ना, तर आपण त्याचा काहीतरी अपमान केला आहे आणि त्यानं मोठ्या मनानं तो पोटात घातला आहे, असं वाटतं. त्याच्यासोबत नगर, तिथून सोलापूर, तिथून गुलबर्गा. उंटाचं पुढं काय झालं ते परत कधी लिहीन.

गुलबर्ग्याच्या पुढं धर्मशाळेत झोपलो असताना कानात गोचीड शिरली. लोकांनी गोडेतेल ओतलं, तंबाखूचा धूर सोडला, एकानं मंत्र म्हटला. गोचीड सुखात, मी बेजार. हैदराबादेस आलो तो कान भाकरीएवढा सुजलेला. इथं डाक्टरीचा सरकारी मदरसा आहे आणि त्याच्या दवाखान्यात कान, नाक आणि गळा ह्या तिघांचा वेगळा विभाग आहे. डोळ्यांचा निराळा, पोटाचा निराळा. माणसाचे असे वाटे केलेले मी पहिल्यांदाच बघितले. तिथले मुर्तजा डाक्टर कपाळावर एक गोल आरसा बांधतात, त्याला मधोमध भोक. रोग्याच्या मागं दिवा, डाक्टरच्या कपाळावर आरसा, आणि उजेड सरळ कानाच्या तळाशी. त्यांनी गोचीड चिमट्यानं काढली, शिशीत घातली आणि माझ्याच हातात दिली. म्हणाले, "लो मियाँ, तुमचा भाडेकरू."

मी तिथंच राहिलो. कसं, तर ऐका. कान तपासायला डाक्टर रोग्याच्या मागं उभे राहून उर्दूत हळूच शब्द बोलतात आणि रोग्यानं तो परत म्हणायचा. त्या दिवशी नांदेडकडची म्हातारी आली होती, ती दगडासारखी बसून. डाक्टर व्हरांड्यात येऊन म्हणाले, "या बाईला कान आहेत, उर्दू नाही. मराठी कुणाला येतं?" मी हात वर केला. तेव्हापासून मी तिच्यासारख्यांच्या कानामागं उभा राहून ज्वारी, बाजरी, तूर, करडई म्हणतो आणि दोन वेळा जेवतो.

आता मुख्य गोष्ट. इथं एका फळीवर वासाच्या शिशा आहेत: लवंग, हिंग, गुलाबपाणी, कापूर, घासलेट. रोग्यानं डोळे मिटून ओळखायच्या. मी डाक्टरांना म्हणालो, साहेब, माझा भाऊ रस्त्याच्या पलीकडून ह्या ओळखील. आंबेजोगाईच्या तूपबाजारात वैजिनाथशेठनं मनगटावर थेंब चोळून हो म्हटल्याशिवाय गाडगं हलत नाही. गाईचं का म्हशीचं, कढ कमी का जास्त, कुणाच्या चुलीवरचं, सगळं सांगतो. डाक्टर हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर बिघडलेली नाकंच पाहिली. एक उत्तम नाक त्यांना दाखवायचं आहे. बोलाव भावाला."

तर या. आपल्या घराचं नाक मदरशात दाखवायचं म्हणजे लहान गोष्ट नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. येताना तूप आणा, खानावळीतलं तूप म्हणजे नुसता पिवळा रंग आहे.

तुमचा
रुद्रप्पा


आंबेजोगाई,
मार्गशीर्ष शुद्ध ५

चिरंजीव रुद्रप्पास आशीर्वाद.

तू जिवंत आहेस हे वाचून तुझी वहिनी रडली. मी रडलो नाही, कारण तू उंटामागं गेलास हे कड्याच्या लोकांनी मला तेव्हाच कळवलं होतं. बैल मी मग स्वतः जाऊन आणले.

मदरशात येण्याचं म्हणतोस. माझं नाक म्हणजे दरवेशाचं अस्वल नाही, की रस्सी धरून चार लोकांपुढं नाचवावं. बाजाराचे दिवस आहेत. गंगथडीकडून, गेवराईकडून तूप यायला लागलं आहे. दुकान सोडून मला हलता येत नाही. तू परस्पर कुणाला काही कबूल करू नयेस.

इकडं ठीक आहे. यंदाच्या ज्वारीला चव नाही. तूरही तशीच. तुझ्या वहिनीच्या हाताची चव गेली म्हणावं तर ती ऐकून घेते आणि गप्प बसते, पूर्वी बसत नव्हती. हल्ली तिचं बसणं दुकानामागच्या पडद्यापाशीच असतं. डाळ निवडते, वाती वळते. मी म्हटलं आत उजेड बरा आहे, तर म्हणते इथंच बरं. सध्या ती चार दिवस माहेरी गेवराईला गेली आहे.

परभणीला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर तुपाचा डबा पाठवतो, तिथून ओळखीचा माणूस हैदराबादेस पोचवील. मी स्वतः निवडून भरलं आहे. अंगाला लावून घे, म्हणजे पोटात. भटकून वाळला असशील.

वैजिनाथ


हैदराबाद,
मार्गशीर्ष वद्य ९

तीर्थरूप अण्णांस नमस्कार.

डबा पोचला. त्याच दिवशी मी सगळ्या विभागाला बोलावलं. पट्टी बांधणारा, शिशा धुणारा, दोन विद्यार्थी. भाकरी मागवल्या. म्हटलं, खा, हे वैजिनाथशेठच्या हातचं. झाकण काढलं.

अण्णा, मी समजलो.

ते तूप खवट होतं. थोडंसं नाही. विद्यार्थ्यांपैकी एकानं रुमाल काढला. पट्टी बांधणारा सभ्य माणूस आहे, तो म्हणाला, तुमच्या मुलुखाकडं असंच खात असतील. मी म्हटलं, होय, असंच खातात. दुसरं काय म्हणणार?

ज्या माणसाच्या नाकापुढून बाजारातलं एक गाडगं खोटं निसटत नाही, त्यानं स्वतः निवडून भरलेलं तूप खवट निघतं, ह्याचा अर्थ एकच. मी न सांगता गेलो, बैलांचं काम अर्ध्यावर टाकलं, वर तुमच्या नाकाचा बोभाटा केला. त्याची शिक्षा तुम्ही पाठवली. तोंडानं शिवी दिली असती तर एका दिवसात विसरलो असतो हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून डबाभर पाठवलीत.

मीही तुमचाच भाऊ आहे. रोज एक घास खातो. निम्मा डबा संपत आला. पोट बिघडलं आहे, पण खातो. उरलेला संपला की माफ झालो असं समजेन.

काल इथं एका माणसाच्या घशातून चिंचोका काढला. त्याला वाटत होतं पोटात झाड उगवेल. त्याच्यावरून मला आपल्या परड्यातली चिंच आठवली, आणि त्यावरून तुम्ही मला खांद्यावर घेऊन चिंचा पाडायचात ते. असो. राग गेला की दोन ओळी लिहा.

रुद्रप्पा


आंबेजोगाई,
पौष शुद्ध २

रुद्रप्पा भावजी यांस शांतादेवीचा नमस्कार.

माझ्या वडिलांनी मठातल्या स्वामींकडून मला अक्षरं शिकवून घेतली होती, ती अशी कामी येतील असं वाटलं नव्हतं. हे पत्र मी चोरून लिहिते आहे. तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घातली, कोनाड्यात ठेवलं, आणि त्या दिवसापासून जेवणात तूप घेत नाहीत.

भावजी, ती शिक्षा नव्हती. ते तूप ह्यांनी खरोखर चांगलं समजून भरलं. मी माहेरी होते म्हणून तसं झालं.

ह्यांच्या नाकाला वास येत नाही. दोन वर्षं होत आली. आधी एका नाकपुडीचं गेलं, मग दुसरीचं. रात्रंदिवस तोंडानं श्वास घेतात. मला पहिल्यांदा कळलं ते चुलीवर दूध करपलं तेव्हा. हे शेजारीच बसले होते आणि म्हणत होते, आज दूध छान आटतंय.

ह्यांनी मला सांगितलं नाही, मी ह्यांना विचारलं नाही. मी फक्त पडद्यामागं येऊन बसले. तूप घेऊन कुणी आलं की हे म्हणतात, "गाडगं सावलीला ठेवा," आणि पडद्याला टेकवून ठेवायला लावतात. मी खालून वास घेते. तूप चांगलं असलं तर बांगड्या दोनदा वाजवते, वाईट असलं तर एकदा. हे तोवर मनगटावर थेंब चोळत, डोळे मिटून बसतात. लोकांना वाटतं वास घेतायत. हे माझ्या बांगड्या ऐकत असतात. ह्यावर आमचं दोघांचं अजूनपर्यंत एक शब्दसुद्धा बोलणं झालेलं नाही.

आता अडचण अशी आहे. परळीला शिवरात्रीच्या पारण्याची मोठी पंगत असते. पंचांनी तिच्या तुपाची पारख ह्या साली ह्यांच्याकडं दिली आहे. पंचांतले मोहनराव देशमुख स्वतः येऊन सांगून गेले. अंगणात, सगळ्यांच्या समोर, गावोगावची गाडगी ओळीनं मांडून. तिथं पडदा नाही. तुपात कुणी चरबी मिसळली असली आणि ती पंगतीत वाढली गेली, तर आपल्या घरानं पुन्हा तोंड कसं दाखवायचं? ह्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण नाही म्हणणं ह्यांच्या तोंडात बसत नाही.

तुमच्या डाक्टरांकडं ह्याला इलाज आहे का? असला तर कळवा. पण मी सांगितलं असं ह्यांना कळू देऊ नका. आणि ते तूप खाणं बंद करा.

वहिनी


हैदराबाद,
पौष शुद्ध १३

तीर्थरूप अण्णांस नमस्कार.

तूप खाणं बंद केलं. वैद्यकीय कारणानं.

आज तुम्हाला इथली एक हकीकत लिहितो. तुमचा तिच्याशी काही संबंध नाही, मला पत्र भरायला विषय पाहिजे होता म्हणून लिहितो. परवा इथं एक अत्तरवाला आला. वाडवडिलांपासून धंदा. गाल चोपडे, कपडे पांढरे, आणि तोंड सारखं थोडं उघडं. डाक्टरांनी आरसा लावून नाकात बघितलं आणि मला बोलावलं, म्हणाले, बघ. मी बघितलं. नाकात सोललेल्या द्राक्षांसारखे मांसाचे घड लोंबत होते. फिकट, ओलसर. वासाला आत जायला वाटच नाही. डाक्टर म्हणाले, ह्यात ह्याचा काय दोष? दाराशी कुणी पोती रचली तर घरधन्याला बाहेरचं काय दिसणार?

अत्तरवाल्यानं हे तीन वर्षं लपवलं होतं. त्याची मुलगी आतून त्याला बाटल्या निवडून देत होती.

डाक्टरांनी नाकात औषधाचा बोळा ठेवला, त्यानं नाक बधिर होतं. मग बारीक तारेचा फास आत घालून एकेक घड आवळून ओढला. रक्त येतं, खोटं सांगत नाही. माणूस खुर्चीत बसलेला असतो, जागा असतो. दुखणं थोडं, पण आतून करकर आवाज येतो तो वाईट, असं तो म्हणाला. नंतर त्यानं नाकानं असा श्वास घेतला की शेजारचा कागद हलला.

वास परत येतो का, हे मी डाक्टरांना विचारलं, उगीच. ते म्हणाले, कुणाचा लगेच येतो, कुणाचा सवडीनं, कुणाचा येतच नाही. अत्तरवाल्याला गुलाब आला, केवडा अजून नाही.

इथं एक बाजार आहे, सगळा बांगड्यांचा. लाखेच्या, खड्यांच्या. त्या गल्लीतून गेलं की दोन्ही बाजूंनी दिव्यांचे तुकडे चमकतात आणि माणूस जायचं तिकडं जात नाही. मी दोनदा चुकलो. असो.

डाक्टरांना मी कळवलं आहे की माझे भाऊ दाखवायला येणार नाहीत. पण भावाला भेटायला कुणी येऊ नये असा सरकारी हुकूम नाही. माझं पोट बिघडलं आहे, ते तर तुम्हाला माहीतच आहे.

रुद्रप्पा


आंबेजोगाई,
पौष वद्य ८

चिरंजीव रुद्रप्पास आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होतो. तुझी वहिनी भाकऱ्या थापत होती. अत्तरवाल्याच्या मुलीपर्यंत आलो आणि थापणं थांबलं. बांगड्या गप्प. मी वर बघितलं नाही, पुढं वाचत गेलो.

तुला कुणी लिहिलं हे मी विचारत नाही.

येत्या सोमवारी परभणीला जाऊन रेलगाडी धरतो. तुझं पोट बघायला येतो आहे.

वैजिनाथ


हैदराबाद,
माघ शुद्ध १०

सौभाग्यवती वहिनींस नमस्कार.

आज अण्णांना गाडीत बसवून दिलं. हे पत्र त्यांच्या मागोमाग येईल. ते स्वतः काही सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. लांबलं तर रागावू नका, मी लांबणारच.

स्टेशनावर उतरले तेच मुळी धुतलेलं धोतर, जरीचा रुमाल, कपाळावर ताजं भस्म. जणू सोयरिकीला आले आहेत. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोट?" मी म्हटलं, "बरं आहे." म्हणाले, "मग चल."

विभागात गेलो. मला वाटलं होतं डाक्टर एकटे असतील. त्या दिवशी नेमका शिकवण्याचा वार. बाकांवर विद्यार्थी ओळीनं, वह्या काढून. वहिनी, मी दारातच अडलो. ज्या लोकांना मी दोन-तीन महिने आंबेजोगाईच्या नाकाच्या गोष्टी सांगितल्या, त्याच लोकांपुढं. एकानं तर मला हळूच विचारलं, "यही है वो नाक?"

डाक्टर भले माणूस. अण्णांजवळ येऊन हळू बोलले, "शेठजी, तुम्ही म्हणाल तर ह्यांना बाहेर काढतो."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग ते बाजारातल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसू द्या. आंबेजोगाईचं नाक दावतो, असं माझ्या भावानं कबूल केलतं. आमच्या घरात बोललेलं फिरत न्हाई."

आणि स्वतःच खुर्चीत जाऊन बसले.

एकेक विद्यार्थी येऊन आरशातून बघून गेला. अण्णांची मान ताठ. पाचवं-सहावं पोर आरसा धड न लावताच मागं सरकलं, तर त्याला म्हणाले, "घाबरू नको बाबा, सावकाश बघ. पुढं एखादा तूपवाला तुझ्याकडं आला, तर त्याला माझ्यावानी दोन सालं बसवू नको." मी ते उर्दूत सांगितलं. डाक्टरांनी कपाळावरचा आरसा वर केला आणि त्यांना सलाम केला. खोटं वाटेल, पण केला.

मग बोळा, मग तारेचा फास. अण्णांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या मुठीत धरलं होतं, वर रक्ताचा थेंब पडू नये म्हणून. उजव्या हातानं माझं मनगट. ते मनगट अजून निळं आहे. एका बाजूचे घड निघाले, दुसऱ्या बाजूचे निघाले. ताटलीत ठेवून डाक्टरांनी दाखवले. अण्णा बघून म्हणाले, "एवढ्यासाठी?"

रात्री घोरले नाहीत. लहानपणापासून मी त्यांच्याजवळ झोपलो आहे, पण असा नाकानं श्वास घेताना पहिल्यांदा ऐकला असं वाटलं.

आता ते सांगायचं राहिलं जे तुम्ही आधी शोधत असाल. नाकातली जखम भरल्यावर शिशा लावल्या. डोळे मिटलेले. लवंग. काही नाही. हिंग. काही नाही. गुलाबपाणी, पाणी म्हणाले. मग चौथी शिशी लावली आणि अण्णांच्या भुवया उचलल्या. "कापूर," म्हणाले. मी उडी मारली, बाकावरची पोरंही उठली. डाक्टरांनी मान हलवली. म्हणाले, कापूर थंड लागतो, त्या थंडाव्यानं ओळखला. वासाची नस वेगळी. ती अजून झोपलेली आहे. उठेल, न उठेल, महिने जातील.

अण्णांनी डोळे उघडले आणि त्यांचा हात धरून म्हणाले, "तुमी तुमचं काम चोख केलंत."

स्टेशनावर मी विचारलं, "परळीला काय सांगणार?" ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी उंटाची गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. ह्यावरून समजा.

तुम्हाला काचेच्या बांगड्या पाठवल्या आहेत त्यांच्याकडं. इथल्या लाखेच्या जास्त सुंदर होत्या, पण त्या वाजत नाहीत.

रुद्रप्पा


आंबेजोगाई,
फाल्गुन शुद्ध ३

चिरंजीव रुद्रप्पास आशीर्वाद.

शिवरात्र झाली, पारणं झालं. पंगत पार पडली. तुझ्या वहिनीचं म्हणणं की मी दोन ओळींत लिहून मोकळा होतो, तेव्हा आज सविस्तर लिहितो.

परळीला निघताना मी तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, मी कशाला? मी म्हटलं, नव्या बांगड्या घालून चल. दोन वर्षांत ह्या गोष्टीवर आमचं झालेलं हे पहिलं बोलणं.

अंगणात गाडगी मांडलेली. पंच घोंगडीवर. गावोगावच्या बाया आपापल्या गाडग्याशी. मोहनराव म्हणाले, "घ्या शेठ, तुमी हो म्हणलं की पंगतीला." मी पहिल्या गाडग्यापाशी बसलो. थेंब मनगटावर घेतला, चोळला, डोळे मिटले. सवयीनं कान मागं गेले आणि लक्षात आलं, की मागं पडदा नाही.

मला तुझी ती पोरं आठवली, बाकांवरची. तिथं अनोळखी मुलांपुढं जे दाखवलं, ते आपल्या माणसांपुढं दाखवायला कशाला भ्यायचं? मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं. म्हटलं, माझ्या नाकाला दोन वर्षं वास नाही. हैदराबादेस डाक्टरांनी नाक मोकळं केलं, वास अजून आला नाही. ह्या दोन वर्षांत माझ्या दुकानातून जेवढं तूप पास झालं, ते हिनं केलं. आणि हिच्याकडं बोट दाखवलं.

मोहनरावांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हंजी दोन सालं आमी एका बाईच्या नाकावर जेवलो?"

तेवढ्यात घाटनांदूरची चंद्रभागाबाई आपल्या गाडग्यामागून बोलली. तू ओळखतोस तिला, तोंडाची फटकळ. म्हणाली, "देशमुख, तुमी जेवलाव. आमाला ठावं व्हतं."

मी म्हटलं, "काय ठावं व्हतं, मावशे?"

"बांगड्या. दोनदा वाजल्या की मी गाठोडं सोडायची, एकदा वाजल्या की उचलून निघायची. तुमी डोळे उघडायच्या आदीच. साऱ्या बाजाराला ठावं हाय की."

मी बायांकडं बघितलं. सगळ्या पदराआड हसत होत्या.

म्हटलं, "मग बोलला न्हाईत कावून?"

"कावून बोलावं? तूप खरं ठरत व्हतं, भाव खरा मिळत व्हता. आन् तुमी डोळे मिटून बसताव ते लई शोभतंय."

रुद्रप्पा, मी मदरशात मान खाली घातली नव्हती. तिथं घातली. पण ती शरमेनं नव्हती एवढंच तुला सांगतो.

मग मोहनरावांनी स्वतः घोंगडी पुढं सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, या." ती डोक्यावरचा पदर सावरून पुढं आली आणि सगळ्यांच्या देखत बसली. एकेका गाडग्याशी वाकायची, हात हलवायची. दोनदा वाजलं की गाडगं पंगतीकडं. एका गाडग्याला मात्र एकदाच वाजलं. ते गाडगं मोहनरावांच्या वाड्यावरून आलेलं. सगळं अंगण त्यांच्याकडं बघायला लागलं. ते उठले, दोन्ही हातांनी गाडगं उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. म्हणाले, "आज घरी गेल्यावर लपाया मला बी एक पडदा लागंल." तेव्हा सगळे हसले, तीही हसली.

आता ती गादीवर माझ्या शेजारी बसते. पडदा काढून टाकला. काही लोकांना पसंत नाही. त्यांनी आपलं तूप दुसरीकडं न्यावं.

परवा ती हिंगाची फोडणी देत असताना मला काहीतरी जाणवल्यासारखं वाटलं. वास का आठवण, सांगता येत नाही. तिला अजून बोललो नाही. खात्री झाल्यावर बोलीन.

सोबत तुपाचा डबा. तिनं निवडला आहे. आधीचा मी निवडलेला उरला असेल तर फेकून दे.

वैजिनाथ


हैदराबाद,
फाल्गुन वद्य ४

तीर्थरूप अण्णा आणि वहिनींस नमस्कार.

डबा आणि पत्र एकाच दिवशी पोचलं. पुन्हा सगळ्यांना बोलावलं, पुन्हा भाकरी. पट्टी बांधणाऱ्यानं ह्या वेळी लांबच पाट मांडला. झाकण काढलं आणि तो पाट सरकवत जवळ आला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या त्यानं. म्हणाला, "तुमच्या मुलुखाकडं असं खातात?" मी म्हटलं, "होय, असंच खातात." ह्या वेळी मान वर करून म्हटलं.

तुमचं पत्र मी डाक्टरांना उर्दूत वाचून दाखवलं. बांगड्यांपाशी आलो तर त्यांनी हात वर केला आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना आत बोलावलं. मग पहिल्यापासून परत वाचायला लावलं. मला मोहनरावांचा आवाज चांगला काढता येतो हे मला माहीत नव्हतं.

वाचून झालं तसे डाक्टर फळीपाशी गेले. लवंग, हिंग, गुलाबपाणी, कापूर, घासलेट. बघत राहिले. म्हणाले, "ह्यातलं आपल्या लोकांच्या रोजच्या जेवणातलं काय आहे? शेतकऱ्याला मी गुलाबपाणी ओळखायला लावतो. एक शिशी तुपाची पाहिजे." मी वहिनींच्या डब्यातलं तूप शिशीत भरलं. डाक्टरांनी स्वतःच्या हातानं उर्दूत चिठ्ठी लिहून चिकटवली: शांतादेवी, मोमिनाबाद. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडं आंबेजोगाई म्हणतात. ते म्हणाले, सरकारी फळी आहे, सरकारी नावच राहू दे.

मग म्हणाले, ताजं ओळखता आलं म्हणून काय झालं, खवटही ओळखता आलं पाहिजे, नाहीतर परीक्षा अर्धी. खवट तूप कुठून आणायचं?

अण्णा, तुमचा डबा मी फेकला नव्हता. निम्मा उरला होता, खाटेखाली. आधी रागानं ठेवला होता, मग का ठेवला मलाही सांगता येत नाही. तो आणून दिला. आता फळीवर दोन शिशा शेजारी शेजारी आहेत. दुसरीवर काय लिहू, असं डाक्टरांनी विचारलं. मी आधी शिशीचं बूच घट्ट लावलं. मग म्हटलं, लिहा, वैजिनाथ, मोमिनाबाद. रागावू नका. आधी डोळे मिटून दोन्ही ओळखायच्या, मग बाकीच्या शिशा, असा आता इथं नियम झाला आहे. पोरं म्हणतात, आज माझ्या रोग्याला वैजिनाथ ओळखता आला, शांतादेवी अजून नाही. आपल्या घराची नावं अशी रोज घेतली जातात.

फोडणीचं वहिनींना सांगून टाका. हे पत्रही तुम्ही मोठ्यानंच वाचत असणार, म्हणजे सांगून झालंच.

काल तो उंटवाला भेटला. अचानक, पुलापाशी. उंट तोच, बघणंही तेच. तो म्हणाला, मारवाडाकडं निघालोय, चल. वाळवंटात रात्री उंटावर बसून जाताना खाली काही नसतं असं वाटतं, असं सांगत होता. मी बराच लांबपर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण वेशीपाशी थांबलो.

तुमच्या शिशीला कधी हात लावावा लागणार नाही, अण्णा, ती आहे तशीच चालेल. वहिनींची दर महिन्याला ताजी करावी लागते. मी उंटवाल्याला म्हटलं, मला जमणार नाही बे, आमची शिशी बदलायची असते.

रुद्रप्पा